जेझुइट कॉलेज-प्रेसिडेंटची कारकीर्द कशी वाचायची?

टाचणवही: अमेरिकेतल्या जेझुइट (म्हणजे कॅथलिक ‘येशू संघा’च्या) कॉलेजप्रमुखांवर लेख लिहितोय. फादर जोसेफ मॅकशेन यांची टिपणं अशी: १९६७ संघप्रवेश, १९७७ गुरुदीक्षा (धर्मगुरू होणं), १९८१ शिकागोची पीएच.डी., मग ल मॉइन कॉलेजात अध्यापन, १९९२ फोर्डम विद्यापीठात डीन, १९९८ स्क्रँटन विद्यापीठाचे प्रेसिडेंट, २००३ ते २०२२ फोर्डमचे प्रेसिडेंट. पहिली दहा वर्षं कशात गेली? नेमणुका संघ करतो की कॉलेज? आणि बॉस्टन कॉलेजच्या यादीत मर्फी १९३९–४५, केलेहर १९४५–५१ अशी सहा-सहा वर्षं, तर मोनन थेट १९७२ ते ९६. असं का?

दफ्तरदार: दहा वर्षं वाया गेलेली नाहीत, घडण्यातच तेवढी लागतात. दोन वर्षं नॉव्हिशिएट, म्हणजे संघातली उमेदवारी, त्याच्या शेवटी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं. मग तत्त्वज्ञानासह दोन-तीन वर्षं अभ्यास. त्यानंतर रीजन्सी, म्हणजे बहुधा एखाद्या शाळेत दोन-तीन वर्षं शिकवणं. शेवटी निदान तीन वर्षं धर्मशास्त्र, आधी डीकन (धर्मगुरूच्या खालची पायरी), मग गुरुदीक्षा. तेव्हा १९६७ पासून त्यांना ‘फादर’ लिहू नका, ते १९७७ नंतर. पीएच.डी. बऱ्याचदा दीक्षेनंतर होते, इथेही तसंच. टर्शियनशिप, म्हणजे घडणीचा शेवटचा टप्पा, आणि अंतिम व्रतं आणखी पुढे येतात. चरित्र-टिपणांत ती सहसा गाळलेली असतात, म्हणून ती झालीच नाहीत असं धरू नये.

कलमबहाद्दर: सहा वर्षांचं उत्तर चर्चच्या कायद्यात आहे. पूर्वी कॉलेजचा प्रेसिडेंट हाच बहुधा तिथल्या जेझुइट घराचा, म्हणजे एकत्र राहणाऱ्या समुदायाचा, रेक्टर (वरिष्ठ) असे. १९१७ च्या कॅनन लॉप्रमाणे स्थानिक वरिष्ठाची मुदत तीन वर्षं. ती एकदा वाढवता येई, त्याच घरात लागोपाठ तिसऱ्यांदा नाही. देणगीदारांशी जरा ओळख जमतेय तोवर माणूस बदलायचा. कॉलेज चालवायला ही पद्धत गैरसोयीचीच होती. दोन पदं वेगळी केली की मुदतीचा अडसर जातो. सेंट लुईस विद्यापीठाचे पॉल रायनर्ट १९४९ ते १९७४ राहिले ते उगाच नाही.

दुसरा मोठा बदल १९६७ च्या आसपासचा. त्या वर्षी लँड ओ’लेक्सच्या निवेदनात कॅथलिक विद्यापीठांनी स्वायत्तता मागितली आणि सेंट लुईसने धर्मगुरू किंवा संघाचे नसलेल्या सामान्य जनांचं बहुमत असलेलं विश्वस्त मंडळ आणलं. तेव्हापासून एकामागून एक कॉलेजं कायद्याने जेझुइट समुदायापासून वेगळी झाली. आता प्रेसिडेंट मंडळ निवडतं, पण उमेदवार जेझुइट असेल तर त्याच्या प्रोव्हिन्शियलची, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखाची, परवानगी लागते. म्हणून १९९८ च्या नोंदीत ‘संघाने स्क्रँटनला बदली केली’ असं लिहिलंत तर चुकेल. मर्फींच्या १९३९ च्या नोंदीत मात्र ‘मंडळाने निवडलं’ चुकेल.

टाचणवही: आणि पगार?

दफ्तरदार: दारिद्र्याच्या व्रतामुळे तो व्यक्तीच्या हाती राहत नाही, समुदायाकडे जातो. कॉलेजच्या करविवरणात प्रेसिडेंटपुढे शून्य दिसलं तर दचकू नका. आकडा दिसला, तर तो कुठे वळता केलाय ते खालच्या खुलाशात शोधा.

कलमबहाद्दर: मोनन यांची नोंद करताना १९९६ नंतरचं ‘चॅन्सेलर’ पद कारभारी कारकिर्दीत मिळवू नका. प्रेसिडेंटपद तेव्हाच फादर विल्यम लेही यांच्याकडे गेलं होतं. आणि यादीच्या शेवटी आडनावापुढे ‘एस. जे.’ (सोसायटी ऑफ जीझस, म्हणजे येशू संघ) नसेल तर छपाईची चूक समजू नका: जॉर्जटाउनला २००१ मध्ये जॉन डिजिओया हे जेझुइट नसलेले पहिले प्रेसिडेंट आले, आणि मॅकशेन यांच्यानंतर फोर्डमला २०२२ मध्ये टानिया टेटलो.