नासर्डीच्या खोऱ्यात गंगापूर धरण कसं आलं? (बीए भूगोल ऑनर्स, चौथं वर्ष)

चौथं_वर्ष_नाशिक
ऑनर्स विथ रिसर्चचा प्रोजेक्ट आहे, विषय नासर्डी (नंदिनी) खोऱ्याचं मॉर्फोमेट्रिक विश्लेषण, म्हणजे खोऱ्याचा आकार, उतार आणि ओढे आकड्यांत मोजणं. ३० मीटरचं एसआरटीएम डीईएम (उपग्रहावरच्या नव्हे, अंतराळयानातल्या रडारने मोजलेल्या उंचीचा डिजिटल नकाशा) घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केलंय. उताराच्या नकाशात जवळपास सगळीकडे ९० अंशांच्या आसपास येतोय. टाकळीच्या संगमावर बिंदू देऊन खोरं काढलं तर ते थेट त्र्यंबकपर्यंत जातं, गंगापूर धरणही त्यात येतं. आणि धरणाच्या पाण्यावर सरळ, समांतर ओढे उमटलेत. यावरून ड्रेनेज डेन्सिटी (दर चौ. किमीमागे ओढ्यांची लांबी) काढली तर चालेल का?

समोच्चरेषा
आत्ता काहीच काढू नका, तीनही गोष्टी आधी दुरुस्त होतील.

उतार: तुमच्या डीईएममध्ये आडवं अंतर अंशांत आहे आणि उंची मीटरमध्ये. एक पिक्सेल सुमारे ०.०००२८ अंश रुंद आणि त्यावर दोन-चार मीटरचा चढ, म्हणजे सॉफ्टवेअरला तिथे उभा कडाच दिसतो. रास्टर (पिक्सेलची ती फाइल) मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रक्षेपणात (ईपीएसजी ३२६४३) वार्प करा, म्हणजे बदलून नवी फाइल करा, पिक्सेल ३० मीटर ठेवा, रीसॅम्पलिंग बायलिनिअर. खालच्या कोपऱ्यातून नुसत्या प्रोजेक्टचा सीआरएस (निर्देशांक पद्धत) बदलून भागत नाही, मूळ फाइल तशीच राहते. बहुतेक जण इथेच अडकतात.

खोरं: तुमचा बिंदू गोदावरीच्या पिक्सेलवर बसलाय, मग वरची सगळी गोदावरी येणारच. फ्लो अ‍ॅक्युम्युलेशनचा थर (प्रत्येक पिक्सेलवर वरून किती पिक्सेलचं पाणी येतं ते दाखवणारा) पूर्ण झूम करून बघा आणि संगमाच्या दोन-तीन पिक्सेल वर, नासर्डीच्याच ओळीवर बिंदू ठेवा. तो ओळीच्या बाजूला पडला तर खोऱ्याऐवजी चार-पाच पिक्सेलचा ठिपका मिळेल.

समांतर ओढे: जलाशयाचा पृष्ठभाग सपाट असतो. सॉफ्टवेअरला मात्र प्रत्येक पिक्सेलला दिशा द्यावीच लागते, म्हणून त्या रेषा. खोरं नीट निघालं की धरण बाहेर जाईल आणि त्याही जातील.

चौथं_वर्ष_नाशिक
धन्यवाद सर. ओढे काढताना थ्रेशोल्ड (किती पिक्सेलचं पाणी जमल्यावर ओढा धरायचा) किती ठेवायचा? १०० आणि ५०० ला प्रवाहांची संख्या पार वेगळी येतेय.

टोपोशीट_वाचक
येणारच. ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौ. मीटर. १०० पिक्सेल म्हणजे ०.०९ चौ. किमी, ५०० म्हणजे ०.४५ चौ. किमी क्षेत्र जमल्यावर पहिला प्रवाह सुरू झाला असं तुम्ही ठरवताय. पहिल्या श्रेणीचे (ज्यांना वरून दुसरा ओढा मिळत नाही असे) ओढे बदलले की बायफर्केशन रेशो (एका श्रेणीच्या आणि पुढच्या श्रेणीच्या ओढ्यांच्या संख्येचं गुणोत्तर), डेन्सिटी सगळं बदलतं. म्हणून आकडा मनाने घ्यायचा नाही, टोपोशीटवरून (सर्वेक्षण विभागाच्या छापील स्थलदर्शक नकाशावरून) ठरवायचा.

२० अंश अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जातं, त्यामुळे शहर एका शीटवर मावत नाही. १:५०,००० च्या ४७ ई/९ आणि ४७ ई/१३ आधी काढा. उत्तरेची जलविभाजक रेषा २० अंशांना टेकली तर ४६ एच/१२ आणि एच/१६ जोडा. जिओरेफरन्स करताना (स्कॅन केलेल्या शीटला अक्षांश-रेखांश देताना) चार कोपऱ्यांवर थांबू नका. पाच-पाच मिनिटांच्या रेषांचे १६ छेद मिळतात, ते सगळे घ्या. जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहे. तिला थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते माप) समजलात तर सगळे ओढे एका बाजूला सरकलेले दिसतील.

मग निळ्या रेषा डिजिटाइझ करा आणि ओढे ज्या थ्रेशोल्डला त्यांच्याशी सर्वाधिक जुळतील तो घ्या. कोणता घेतला आणि का, हे कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो.

एक सांगतो, शहरी भागात डीईएमवर विश्वास ठेवू नका. एसआरटीएम फेब्रुवारी २००० चं आहे आणि त्यात इमारती, झाडांची उंचीही मिसळलेली असते. सिडको, अंबडच्या बाजूला ओढा घरांना वळसा घालून रस्त्यावरून गेलेला दिसेल. रस्त्याखालच्या मोऱ्या तर त्यात नसतातच. असे भाग पायी फिरून तपासा. पुणे रोडवरच्या नासर्डी पुलापासून सुरुवात करा, तिथून पात्र नीट दिसतं.

टीवाय_भूगोल
मध्येच विचारते. रिसर्चचा पर्याय सगळ्यांना मिळतो का? आणि निफाडच्या द्राक्षक्षेत्राचा भूमी उपयोजन नकाशा हा विषय जमेल का?

समोच्चरेषा
यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. चार वर्षांचे किमान १६० क्रेडिट, त्यातले १२ संशोधन प्रकल्पाचे. ७५ नसतील तर त्या १२ क्रेडिटऐवजी तीन पेपर घेऊन साधं ऑनर्स होतं.

विषय चांगला आहे, पण सगळा तालुका नको. लागून असलेली चार-पाच गावं घ्या, म्हणजे प्रत्येक वर्गाचे नमुने शेतावर जाऊन तपासता येतील. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची प्रतिमा वापरा. पावसाळ्यात ढग असतात म्हणून ऑक्टोबरची घ्यावीशी वाटेल, ती घेऊ नका. तेव्हा फळछाटणी झालेली असते, वेलींवर पानं नसतात आणि ओळींमधली माती उघडी दिसते, त्यामुळे बाग पडीक जमिनीत मोजली जाते. जानेवारी-फेब्रुवारीची घ्या. मात्र प्लॅस्टिक आच्छादनाखालच्या बागा तेव्हाही बांधकामात मिसळतात, त्यांचे नमुने वेगळ्या वर्गात ठेवा.