माइनक्राफ्टमधले ‘वर्ल्ड’ ऑनलाइन ओळखीच्यांना द्यावे का?

जाईजुई:
नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेमच्या जावा आवृत्तीत राजगड बांधायला घेतला, आणि आता पद्मावती व सुवेळा या दोन माच्या आणि पाली दरवाजा एवढे काम उभे राहिले आहे. (आमच्या वेळी अंगणात माती कालवून किल्ला व्हायचा, आता नखांतली माती तेवढी वाचली.) एका सर्व्हरवर भेटलेली तीन मुले, ज्यांना त्याने प्रत्यक्ष कधीही पाहिलेले नाही पण ज्यांच्याशी वर्षभर डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर रोज बोलणे होते, ती आता संजीवनी माची आम्ही बांधतो म्हणतात आणि त्यासाठी गेमची फाइल मागतात. त्यांच्यातल्या एकाने आपल्याकडचा एक मॉडपॅकही (गेममध्ये भर घालणाऱ्या ‘मॉड’चा गठ्ठा) पाठवला आहे. तो अजून उघडलेला नाही. “आई, मुलं चांगली आहेत,” असे चिरंजीवांचे म्हणणे, आणि ते खरेही असेल. मला यातले फारसे कळत नाही. फाइल देण्यात आणि त्यांची घेण्यात नेमका काय धोका आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रातकिडा:
ताई, देण्याचा धोका थोडा आहे आणि तो टाळता येतो. ‘वर्ल्ड’ म्हणजे ‘सेव्हज’ या फोल्डरातला एक उपफोल्डर. त्यात भूभागाच्या फायली असतात (एका फायलीत ५१२ × ५१२ ठोकळ्यांचा चौकोन) आणि त्या जगात आलेला प्रत्येक खेळाडू कुठे उभा होता, त्याच्या पिशवीत काय होते, याची नोंद असते. पासवर्ड किंवा ईमेल त्यात नसतो. मात्र मुलाने आत लावलेल्या पाट्या आणि लिहिलेली पुस्तके जशीच्या तशी सोबत जातात, तेव्हा त्यांवर काय लिहिले आहे हे एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा.

मुले खरी चूक करतात ती अशी, की ‘सेव्हज’ शोधण्याचा कंटाळा येतो म्हणून माइनक्राफ्टचा अख्खा फोल्डर झिप करून पाठवतात. त्यात लाँचरची (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) लॉग-इनची माहिती असू शकते, आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्ड न विचारता खात्यात शिरता येण्याची शक्यता असते. शिवाय लॉग फायलींत संगणकावरचे वापरकर्त्याचे नाव उमटलेले असते, आणि आपल्याकडे ते बहुधा वडिलांचे पूर्ण नाव असते. तेव्हा ‘सेव्हज’मधला तो एकच फोल्डर द्यावा.

घेण्याचे मात्र निराळे आहे. जावा आवृत्तीचा मॉड ही ‘जार’ फाइल असते, म्हणजे चक्क एक प्रोग्रॅम, आणि तो चालवणाऱ्याला संगणकावर जे जे करता येते ते सगळे त्यालाही करता येते. जून २०२३ मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस कर्सफोर्ज आणि बकिट या मॉडच्या नावाजलेल्या ठिकाणांवरून पसरला. तो ब्राउझरमधल्या कुकीज आणि डिस्कॉर्ड व माइनक्राफ्टची टोकने (पासवर्डाविना खात्यात शिरू देणाऱ्या खुणा) चोरत असे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या संगणकावरच्या इतर जार फायलींनाही लागण करत असे. म्हणजे एखाद्या सरळमार्गी मुलाने, स्वतःला काहीही ठाऊक नसताना, मित्राला बिघडलेला मॉड दिला असणे अगदी शक्य होते. म्हणून “मुलं चांगली आहेत” हे मान्य केले, तरी त्यातून फाइल चांगली आहे असे ठरत नाही.

मॉडपॅकची फाइल घेऊ नका. त्यातल्या मॉडची नावे मागा आणि प्रत्येक मॉड त्याच्या मूळ पानावरून उतरवा.

कुसुमाग्रज नव्हे कुसुमकाका:
नववीतल्या मुलाचे वर्षभर अनोळखी लोकांशी रोज बोलणे चालते, याची कोणालाच काळजी वाटत नाही का? माझ्या मते हे सरसकट बंद करावे.

रातकिडा:
काका, बंद केले तर तो आईला न विचारता फाइल पाठवील. सध्या तो विचारतो आहे.

हरणटोळ:
रातकिडा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे; फक्त सेव्ह फाइल म्हणजे निरुपद्रवी, असा सार्वत्रिक नियम कोणी यावरून काढू नये. २००८ मध्ये निन्टेन्डो वी या यंत्राचे कुलूप एका झेल्डा गेमच्या सेव्ह फायलीनेच उघडले गेले होते: त्या फायलीत नायकाच्या घोडीचे नाव मुद्दाम इतके लांबलचक घातले होते, की ते ठरलेल्या जागेत मावेना आणि पुढची मेमरी ओलांडून त्यातून भलताच प्रोग्रॅम सुरू होई. तिथे लोकांनी हे आपल्याच यंत्रावर हौसेने केले; दुसऱ्याच्या यंत्रावर करायला कोण हौस विचारतो? रेनपाय हे गेम बनवायचे साधन वापरून केलेल्या गेमची सेव्ह फाइल दुसऱ्या संगणकावरून आली असेल, तर २०२३ पासूनच्या आवृत्त्या आधी इशारा देतात, तो याच कारणाने. मुले अर्थातच ‘हो’ दाबून मोकळी होतात.

संजीवनी माची सगळ्यांनी मिळून बांधायची असेल, तर फाइल फिरवण्यापेक्षा रेल्म्स (माइनक्राफ्टचाच भाड्याचा सर्व्हर) घेणे मला बरे वाटते. महिन्याचे पैसे पडतात, पण ते एकट्या मालकाला. जावा आवृत्तीत त्याच्यासह अकरा जण एका वेळी खेळू शकतात, आणि बांधकामाची प्रत त्याला केव्हाही उतरवून ठेवता येते. घरच्याच संगणकावर सर्व्हर उघडला, तर घरचा आयपी पत्ता त्या तिघांना कळतो.

अवांतर: झिप फाइल पासवर्ड मागत असेल तर ती तशीच उडवून टाका. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये, यासाठीच बहुधा तो पासवर्ड असतो.

जाईजुई:
सर्वांचे मनापासून आभार. मॉडपॅक उघडायला गेलो तर त्याने खरोखरच पासवर्ड मागितला, म्हणून तो काढून टाकला. पाट्या पाहायला बसलो, तेव्हा पाली दरवाज्याच्या आतल्या बाजूला शाळेचे नाव, ‘नववी ब’ आणि माझा मोबाइल नंबर सापडला, “किल्ला हरवला तर परत कोणाला द्यायचा?” असे उत्तर मिळाले. पाटी बदलली आहे. रेल्म्स एक महिना घेऊन पाहणार आहोत.

त्या मुलाकडून मॉडची नावेही मागवली. त्याने कुरकुर न करता १९ नावे पाठवली. त्यांतली १७ मूळ पानांवर मिळाली. उरलेले दोन मॉड आपण कोणाकडून घेतले, हे त्यालाही आठवत नाही.