बाकफीट्स कंटेनरमध्ये टाकायची का? शुक्रवारच्या आत उत्तर हवंय

प्रेषक: मृणाल, ठाणे
सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

पॅकर्स शुक्रवारी सकाळी नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टलव्हेनच्या घरी येणार आहेत आणि त्यांना पक्की यादी हवी आहे. बाकी सगळं ठरलं, गाडं अडलंय ते आमच्या बाकफीट्सवर, म्हणजे पुढे पेटी असलेल्या मोटारवाल्या डच मालवाहू सायकलवर. तीच, गणपतीत मंडळाची पातेली वाहणारी. निनादचं म्हणणं, कंटेनरमध्ये जागा आहे, टाकू. मी मुलांना घेऊन पुढे आले आहे, तेव्हा इथलं बघून मीच काय ते सांगायचं.

घर पातलीपाड्याला, आठव्या मजल्यावर. धाकटीची बालवाडी किलोमीटरभराच्या आत आहे. थोरल्याला शाळेची बस. रोजची भाजी, वाणसामान, आणि आठवड्यातून एकदा आईकडे नौपाड्याला. गाडी निनाद ऐरोलीला नेणार, म्हणजे दिवसभर माझ्या हाताशी काहीच नाही.

आज टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरले. आमच्या वाट्याचा दुचाकीचा पट्टा १ मीटर रुंद, २ मीटर लांब. सायकलची लांबी २ मीटर ६०. रुंदीत आरामात बसते, पण ६० सेंटीमीटर बाहेर येते, ती नेमकी गाड्या वळतात तिथे. लिफ्टमध्ये उभी-आडवी कशीही मावत नाही. कोणी अशी सायकल इकडे आणून रोज वापरली आहे का? कुठे ठेवता? रस्ते मला दिसताहेत, कृपया पार्किंगचं सांगा.

मृणाल


प्रेषक: अनघा, खारघर
सोमवार, रात्री ११.०५

मृणाल,

आम्ही पेटीवाली तिकडेच विकली आणि लाँगटेल आणली, मागचा कॅरियर लांब असतो ती. लांबीला साध्या सायकलीएवढीच आहे, त्यामुळे स्कूटरच्या जागेत बसते आणि कोणी काही बोलत नाही. मागे लेक, दोन्ही बाजूंना पिशव्या. शाळा, भाजी, कधी सेंट्रल पार्क, सगळं होतं. अर्थात खारघरचे सेक्टरमधले रस्ते रुंद आहेत आणि उत्सव चौक टाळून जाता येतं.

पेटीवाली न आणण्याचं आमचं खरं कारण म्हणजे गतिरोधक. तुझ्या सायकलीला पेटीखालून हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत सळई जाते ना? खाली वाकून बघ, जमिनीपासून किती वर आहे ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, म्हणजे अगदी पसरट हवा. आमच्या गल्लीतला हातभर रुंदीचा आहे, नुसती डांबराची भिंत. पुढचं चाक उतरलं, मागचं अजून चढायचंय, आणि मधे सळई. पार्किंगचा प्रश्न सुटला तरी हा रोजचाच आहे.

अनघा


प्रेषक: श्रीकांत काका, नेरूळ
मंगळवार, सकाळी ६.३०

मृणाल, ठाण्यात आलीस, फार बरं वाटलं.

मला एक कळत नाही, मालवाहू सायकल आपल्याला परदेशातून का आणावी लागते? माझ्या लहानपणी गॅसवाला सायकलवरून यायचा. १४.२ किलो गॅस, वर रिकाम्या टाकीचं वजन, म्हणजे एक सिलिंडर ३० किलोच्या आसपास. असे दोन-दोन कॅरियरच्या बाजूंना टांगलेले असायचे. पाववाल्याची पत्र्याची पेटी, दूधवाल्याचे कॅन, डबेवाल्यांच्या हँडलपासून कॅरियरपर्यंत लटकलेले डबे, हे सगळं २८ इंची काळ्या सायकलींवर. त्या आजही मिळतात आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्यांचं सगळं करतो. तुमच्या सायकलीची मोटार बंद पडली तर कोण बघणार?

आणि पावसाचं काय? ॲमस्टरडॅमला वर्षभरात पडतो त्याच्या जवळजवळ तिप्पट ठाण्याला चार महिन्यांत पडतो.

श्रीकांत काका


प्रेषक: विनय, अ‍ॅमस्टलव्हेन
मंगळवार, दुपारी १.२०

सर्वांना विनंती, परतीच्या सामानाबद्दलचे प्रश्न आधी माझ्याकडे पाठवावेत. त्याची फाईल मी कार्यकारिणीच्या सांगण्यावरून ठेवतो आणि त्यात बॅटरीचं वेगळं पान आहे. दर उन्हाळ्यात तोच प्रश्न पुन्हा नव्याने येतो.

मृणाल, सायकल जाईल की नाही हे बॅटरी ठरवते. लिथियम बॅटरी समुद्रमार्गे ‘धोकादायक माल, वर्ग ९’ म्हणून जाते. पॅकर्सना आजच सांग. काही जण घेतच नाहीत, काही जण कागदपत्रं करून घेतात. न सांगता खोक्यात सरकवू नका. विमानाने सोबत नेण्याचा विचार तर डोक्यातून काढाच. प्रवाशाला १६० वॉट-अवरच्या वर परवानगी नाही आणि सायकलची बॅटरी ४००-५०० वॉट-अवरची असते.

तिकडच्या नोंदणीचं म्हणशील तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २ (यू) प्रमाणे मोटार ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि मदत ताशी २५ किलोमीटरला तुटणारी असली की पेडलवाली सायकल ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. युरोपातल्या साध्या ई-बाईकलाही २५० वॅट आणि २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे. मोटारीचा तपशील असलेला कागद सामानात न घालता हातात ठेव, न्हावा शेव्याला एजंट मागेल.

विनय


प्रेषक: केतकी, ठाणे (वर्तकनगर)
मंगळवार, दुपारी ३.४५

मृणाल, तू रस्त्यांचं नको म्हणालीस, तरी सांगतेच, कारण तू घोडबंदरला राहायला गेली आहेस.

बाकफीट्समध्ये मुलं तुझ्या पुढे बसतात. तुझे डोळे जिथे असतात त्याच्या दीड मीटर तरी पुढे सायकलचं नाक असतं. तिकडे गल्लीच्या तोंडाशी गाड्या उभ्या करू देत नाहीत, वळणावर लांबवर दिसतं. इथे सोसायटीच्या फाटकापासून दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. फाटकातून बाहेर पडताना पलीकडून काय येतंय हे तुला दिसेपर्यंत पेटी रस्त्यात गेलेली असेल, आणि पेटीत तुझी लेक. लाँगटेलवर मूल पाठीमागे असतं, तू आधी बघतेस, मग सायकल जाते. मला हा फरक मोटार, बॅटरी, पार्किंग या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो.

दुसरं, पेटी ठेंगणी. सिग्नलला टेम्पोच्या मागे थांबलीस की सायलेन्सर मुलांच्या तोंडासमोर.

नौपाड्याचा विचार तर करूच नकोस. घोडबंदरवर मेट्रो ४ चे खांब आहेत, न्हावा शेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनर आहेत, आणि जो सर्व्हिस रोड सायकलला बरा पडला असता तो मुख्य रस्त्यात विलीन करायचं काम काढलंय. कापूरबावडी आणि माजिवडा ओलांडायचं म्हणजे मोठ्यांनासुद्धा धाकधूक. आईकडे टीएमटीने नाहीतर रिक्षाने जा.

केतकी


प्रेषक: राहुल, ऐरोली
मंगळवार, संध्याकाळी ७.१०

> आणि पावसाचं काय?

काका, पावसात मोटारीला काही होत नाही. वरून पडणारं पाणी ती सोसते, तिकडेही पावसातच चालवतो. साचलेलं पाणी मात्र वाईट. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर तिथे सायकल घालायचीच नाही, कारण खालचा खड्डा दिसत नाही. आणि जोराच्या पाण्याचा पाईप मारून धुवायची नाही. आमच्याकडे वॉचमनदादा गाड्यांबरोबर सायकलही धुवायला निघाले होते, त्यांना थांबवलं.

गॅसवाल्यांच्या सायकलींबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते सिलिंडर भरलेले असताना बहुतेक वेळा सायकल हातात धरून चालत जातात. चढावर तर नक्कीच. पातलीपाड्याहून आत डोंगराच्या बाजूला चढ आहे. बाकफीट्स रिकामीच ५० किलोच्या आसपास, वर मूल आणि वाणसामान. मोटार असली तर काही वाटत नाही, बॅटरी संपली तर मात्र ढकलणं आलं.

राहुल


प्रेषक: श्रीकांत काका, नेरूळ
मंगळवार, रात्री ८.००

राहुल, चालत जातात हे मान्य. पण त्या सायकलीला डबल स्टँड असतो, तो लावला की भरलेली सायकल हलत नाही. तुमच्या त्या लाँगटेलला तसा स्टँड आहे का? मूल चढताना सायकल कलंडली तर काय, हे कोणी सांगितलं नाही.


प्रेषक: अनघा, खारघर
मंगळवार, रात्री ८.४०

काका, आहे. दोन पायांचा, रुंद. लेक स्वतः चढते, मी फक्त हँडल धरते. शिवाय कॅरियरला कठडा आहे, पाय चाकात जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जाळी आहे. साध्या सायकलच्या कॅरियरवर मूल बसवण्याची माझी छाती होणार नाही.

मृणाल, पार्किंगबद्दल राहिलं. कमिटीकडे जायचं असेल तर ‘सायकल ठेवायची आहे’ असं मोघम सांगू नकोस. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मोटारीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर आणि दुचाकीची १ बाय २ धरली आहे. तुझी मोटारीची जागा तुझीच आहे. निनादची गाडी लहान असेल तर पुढे सहसा भिंतीकडे मीटरभर उरतं. तिथे लाँगटेल आडवी बसेल, बाकफीट्स नाही, कारण ती २.५ च्याही बाहेर जाते. हे कागदावर काढून दे. आमच्या सेक्रेटरींनी आकृती बघितल्यावर हो म्हटलं, त्याआधी महिनाभर ‘बघू’ चाललं होतं.

आणि चार्जिंग खाली करू नकोस. बॅटरी काढून वर ने. सोसायटीच्या मीटरवर वायर लावली की तिथून वेगळी भांडणं सुरू होतात.


प्रेषक: सुजाता, अ‍ॅमस्टलव्हेन
बुधवार, सकाळी ९.३०

मी कालपासून वाचतेय आणि कोणी विचारतच नाहीये म्हणून लिहिते. ती सायकल इथेच राहू दे ना! हॉलपासून पार्किंग लांब आहे, मूर्ती आणि स्वयंपाकाचं सामान दर वर्षी तिच्यातूनच जातं. मृणालच्या जाण्याने आधीच आमचा उकडीच्या मोदकांचा हात गेलाय, निदान सायकल तरी राहावी. मंडळाने ती रास्त किमतीला घ्यावी असं मी सुचवते.

सुजाता


प्रेषक: विनय, अ‍ॅमस्टलव्हेन
बुधवार, सकाळी १०.१०

सुजाताताई, खरेदीचा ठराव कार्यकारिणीत यावा लागतो, ईमेलवर होत नाही. शिवाय ती ठेवणार कुठे? मंडळाचं सामान आत्ता माझ्या गॅरेजमध्ये आहे आणि दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यांमुळे तिथे माझी स्वतःची सायकल बाहेर आहे.


प्रेषक: सुजाता, अ‍ॅमस्टलव्हेन
बुधवार, सकाळी १०.२५

माझ्याकडे मागच्या अंगणात छप्पर आहे. ठरावाची बैठक रविवारीच आहे. तोवर मी माझ्या पैशाने घेते, मंडळाने नंतर मला द्यावे किंवा देऊ नयेत. कंदिलांची खोकीसुद्धा हलवू, विनयदादा, तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत.


प्रेषक: केतकी, ठाणे
बुधवार, दुपारी २.००

अनघा, तुझी लाँगटेल मृणालला चालवून बघता येईल का? शनिवारी मी तिला खारघरला घेऊन येते. ठाण्याहून पनवेल लोकल आहेच. मुलीला मागे बसवून सेक्टरमध्ये फिरायचं, रिकामी चालवून काही कळत नाही.


प्रेषक: अनघा, खारघर
बुधवार, दुपारी २.१५

या की. सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत. जेवायलाच थांबा.


प्रेषक: मृणाल, ठाणे
बुधवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. बाकफीट्स येत नाही.

केतकी, तुझी मेल वाचून आज बालवाडीच्या वाटेवर चालत गेले आणि फाटकाशी मुद्दाम थांबले. डाव्या हाताला एक टेम्पो लावलेला होता. पलीकडचं दिसायला मला टेम्पोच्या पुढे दोन पावलं टाकावी लागली, म्हणजे तेवढी पेटी आधीच रस्त्यात. पार्किंगचं कमिटीशी भांडून काहीतरी जमवलं असतं, यावर माझ्याकडे उपाय नाही. शिवाय आमच्या फाटकापासून बालवाडीपर्यंत तीन गतिरोधक, तिघांचाही आकार वेगळा.

पण सायकल हवीच आहे. एक किलोमीटरसाठी रोज रिक्षाची वाट बघायची आणि जवळचं भाडं म्हणून नकार ऐकायचा, हे मला नको. मुलांना सायकलची सवय आहे, ती मोडावीशी वाटत नाही. शनिवारी अनघाची चालवून बघते. बालवाडी आणि भाजी तिच्यावर जमली तर पुष्कळ झालं, आईकडे टीएमटीने जाईन. काका, स्टँड तुमच्या सांगण्याप्रमाणे लेकीला चढवून-उतरवून बघेन.

सुजाताताई, पैशांचं आपण नंतर बघू, सायकल गुरुवारी संध्याकाळी घेऊन जा. निनाद घरी आहे. चावी दोन आहेत, एक कुलपाची, एक बॅटरीची. गणपतीपर्यंत वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी चार्ज करून घरात ठेवा, अंगणात नको. ब्रेकचे पॅड झिजलेत, ते पातेली भरण्याआधी बदलून घ्या.

मृणाल


प्रेषक: सुजाता, अ‍ॅमस्टलव्हेन
बुधवार, रात्री १०.०५

गुरुवारी सहाला येते. पावसाचं कव्हर पण द्यायला सांग निनादला, आणि पेटीतले मुलांचे पट्टे काढू नका म्हणावं. मूर्ती त्यांनीच बांधतो आपण.