युकाता घालून मिरवणं: हौस की फॅन्सी ड्रेस? (ड्युसेलडॉर्फ)

ऱ्हाइनकाठी

गेल्या शनिवारी आमच्याकडे जपान-डे झाला. ज्यांना जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५० च्या दशकापासून जपानी कंपन्या इथे पोलाद आणि यंत्रं घ्यायला आल्या. मागोमाग माणसं आली, त्यांची शाळा आली, किराणा आला, हॉटेलं आली. आज स्टेशनसमोरच्या इमरमानश्ट्रासेवर रस्त्याच्या नावाची पाटीसुद्धा जपानीत आहे. जपान-डेला नदीकाठी लाखो लोक लोटतात. कॉस्प्लेवाली (कार्टूनमधल्या पात्रांचा वेष केलेली) पोरं, जपानी ढोल, खाण्याच्या रांगा आणि रात्री ऱ्हाइनवर आतषबाजी.

यंदा मी पहिल्यांदा युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, घातला. नेसला म्हणू का? शिवलेला असला तरी घडी पाडून, दोऱ्यांनी आवळून, वर पट्टा बांधायचा म्हणजे नेसणंच ते. व्हिडिओ बघून आरशासमोर पाऊण तास झटापट केली. ट्राममध्ये कुणी ढुंकूनही बघितलं नाही. नदीकाठच्या बुर्गप्लात्झ चौकात मात्र एक जपानी आजी नातीला सोडून थेट माझ्याकडे आल्या, वाकल्या आणि बाही धरून मला एका स्टॉलच्या मागे घेऊन गेल्या. मी उजवी बाजू डावीवर घेतली होती. तसा फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात! आजींनी पट्टा सोडला, डावी बाजू वर आणली, कमरेशी जादा कापड उचलून त्याची सरळ घडी पाडली, पट्टा आवळला आणि पाठीवर दोन थापा मारल्या. माझी आजी ओचा सारखा करून झाल्यावर अशाच थापा मारायची.

सोमवारी ऑफिसात हे हसत हसत सांगितलं, तर एक मराठी सहकारी म्हणाला, "त्यांच्या संस्कृतीचा फॅन्सी ड्रेस केलास की तू." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. माझं मत: चूक उजव्या बाजूची होती आणि ती जागच्या जागी दुरुस्त झाली. घालण्यात काही चूक नव्हती. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

सहकाऱ्याशी सहमत. आजी सज्जन होत्या म्हणून निभावलं. त्यांनी दुरुस्त केलं ते तुम्हाला प्रमाणपत्र नव्हे, त्यांना ते बघवलं नसेल.

मीही इथे बारा वर्षं आहे. जपान-डेला युकाता घालणाऱ्या किती जणांच्या ओळखीचा एक तरी जपानी माणूस असतो? रामेनच्या (रश्श्यातल्या शेवयांच्या) वाडग्याचा फोटो, मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईचा फोटो, बाहुलीसारख्या झालरींच्या 'लोलिता' फ्रॉकमधल्या पोरींबरोबर फोटो. झालं जपान.

डोंबिवलीकर_सध्या_बाहेर

उद्या एखादी जर्मन बाई नथ घालून गणपतीला आली तर तुम्हीच तिचे फोटो आठ ग्रुपवर टाकाल, तिरकसराव. आणि नऊवारीचं म्हणाल तर आपल्या किती पोरींना नेसता येते? सगळ्या शिवलेली चढवतात, चेन लावली की झालं.

हळदकुंकू

यावर बॉस्टनचा किस्सा आठवला. २०१५ मध्ये तिथल्या ललित कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेचं १८७६ चं एक चित्र मांडलं होतं, त्याची बायको लाल किमोनोत. त्या किमोनोची प्रतिकृती जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेनं करून घेतली होती आणि प्रेक्षकांनी ती अंगावर चढवून बघायची होती. हीच प्रतिकृती त्याआधी टोकियो, क्योतो आणि नागोयात लोकांनी हौसेनं घालून बघितली होती. बॉस्टनमध्ये मात्र निदर्शनं झाली आणि संग्रहालयानं घालून बघणं बंद केलं. त्यावर काही जपानी मंडळी उलट बाजूनं निदर्शनाला आली, की बंद का केलंत!

दुसरं टोक २०१९ चं. किम कार्दाशियननं आपल्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला 'किमोनो' नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं आणि नाव बदललं गेलं. माझ्या मते रेघ इथे आहे. घालायला या, पण नाव आपल्या मालकीचं करू नका. ऱ्हाइनकाठी, तुम्ही खुशाल घाला.

तिरकस

बॉस्टनची अर्धीच बाजू सांगितलीत. टोकियोतल्या माणसाला काय फरक पडतो? तो तिथे बहुसंख्य आहे. निदर्शनं करणारी पोरं अमेरिकेत वाढलेली आशियाई होती. शाळेत डोळ्यांवरून, डब्यावरून चिडवून घेतलेली.

माझ्या मुलीचं सांगतो. दुसरीत असताना मेथीचा पराठा नेला, तर शेजारची मुलगी नाक धरून उठली. वर्षभर पोरीनं ब्रेड-चीजशिवाय काही नेलं नाही. आता त्याच शाळेच्या कॅन्टीनमध्ये गुरुवारी 'करी' असते आणि सगळे मिटक्या मारतात. मुलगी म्हणते, "बाबा, आपली गोष्ट आपण केली की वास येतो, त्यांनी केली की चव येते." म्हणून मला हौशी लोकांचा राग येतो. ऱ्हाइनकाठींचा नाही, पण येतो.

शेंगदाणा_कूट

तिरकस, हे वाचून कसंतरी झालं. पण तुमचा राग नाक धरणाऱ्या मुलीवर हवा. युकाता घालणाऱ्या बाईनं नाक कुठे धरलंय? उलट ती स्वतःचं हसं करून घ्यायला तयार झाली.

मी खाण्यावर बोलतो, कारण खरी फसवाफसवी तिथे आहे. मी शाकाहारी. पहिल्या वर्षी एका ठिकाणी 'भाज्यांचं रामेन' मागवलं. वर मका, कोबी, कोंब, सगळं साग्रसंगीत. अर्धं संपल्यावर विचारलं तर रस्सा डुकराच्या हाडांचा! त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. त्यांच्या लेखी भाज्यांचं म्हणजे वर भाज्या घातलेलं. साध्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्श्यातसुद्धा, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो.

मग मी कोम्बू विकत घेतलं. समुद्रातलं शेवाळ, वाळलेल्या चामड्याच्या पट्टीसारखं, वर पांढरी भुकटी. ती धुवायची नाही, चव तिच्यातच असते. रात्रभर गार पाण्यात ठेवलं की सकाळी फिकट पिवळं पाणी मिळतं, वास किंचित समुद्राचा. १९०८ मध्ये इकेदा नावाच्या प्राध्यापकानं याच कोम्बूतून 'उमामी' ही पाचवी चव शोधली. आणि जपानी बौद्ध मठांतलं शोजिन जेवण तर आपल्या चातुर्मासासारखं: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. माझ्या आईला ते पहिल्या घासात कळलं असतं.

अवांतर: 'अस्सल जपानी'चा फार बाऊ करू नये. सुशीवर कच्चा सामन लोकप्रिय झाला तो १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला मासा तिकडे खपवायचा चंग बांधल्यावर. तेम्पुराची कल्पना पोर्तुगीजांची. ते पोर्तुगीज कुठल्या बंदरातून तिकडे जायचे, हे गोवेकरांना सांगायला नको. १५४९ मध्ये जपानात उतरलेला फ्रान्सिस झेवियर आज जुन्या गोव्यातच विसावलाय.

एकलकोंडा

सोळा युरोला वाडगाभर शेवया. चर्चा संपली.

गोधडी

कपड्यांवर थोडं. जपानात गरीब शेतकरी फाटक्या सुती कपड्यांना ठिगळं लावून धावदोरा घालत. त्याला 'बोरो' म्हणतात आणि त्या टाक्यांना 'साशिको'. निळ्यावर पांढरा दोरा, ठिगळावर ठिगळ. जुन्या बोरोचा एक अंगरखा मी काचेच्या कपाटात टांगलेला बघितला. किमतीत आपल्याकडे बरी स्कूटर आली असती. मला आठवल्या आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. टाका तोच, तितकाच वाकडा. त्या गोधड्या पाहुणे आले की आम्ही माळ्यावर लपवायचो.

म्हणून तिरकस यांचं थोडं पटतं. दुसऱ्याच्या ठिगळांना कला म्हणायला मला फार वेळ लागला नाही. घरच्या ठिगळांना लागला. पण साशिको शिकायला बसले नसते तर माळ्यावरची गोधडी खालीही काढली नसती.

ऱ्हाइनकाठी

सगळ्यांना धन्यवाद. तिरकस, तुमच्या मुलीचं वाक्य मी सहकाऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याचा मुलगाही डबा परत आणतो. फॅन्सी ड्रेसचं त्यानं मागे घेतलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

पण एका मुद्द्यावर मी हटणार नाही. ओळखीचा एक तरी जपानी माणूस आहे का, असं तुम्ही विचारलंत. आधी नव्हता. आता त्या आजी आहेत, भाषा नसली तरी. युकाता न घालता कडेनं गेले असते तर त्या माझ्याकडे कशाला आल्या असत्या? नातीकडून कळलं की त्या नीडरकासेलच्या एको-हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या जपानी मंदिरात, जातात. पुढच्या वेळी कुणाला तरी बरोबर घेऊन तिकडे जायचा विचार आहे.

शेंगदाणा_कूट, कोम्बू इमरमानश्ट्रासेवर कुठल्या दुकानात मिळालं? आणि ते नंतर टाकून देता की खाता?

शेंगदाणा_कूट

जपानी किराणा कुठलाही चालेल, वाळवणाच्या फळीवर बघा. टाकू नका हो! बारीक चिरून सोया सॉस, साखर आणि तिळात आटवायचं, गरम भाताबरोबर लोणच्यासारखं लागतं. मी वरून शेंगदाण्याचं कूट घालतो. तिरकस यांनी फॅन्सी ड्रेस म्हटलं तरी घालतो.

तिरकस

कूट चालेल. मुलगी विचारतेय, त्या मंदिरात आम्ही आलो तर चालेल का? युकाता घालणार नाही, आधीच सांगतो.