शर्ट मागून उचलला जातो, कॉलर सुटते: खांदे पुढे का येतात?

शिंपीदादा_चोपडा
राम राम मंडळी. चोपड्याला माझं टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. हल्ली कॉलेजच्या पोरांची मापं घेताना पाठीची रुंदी जास्त आणि समोर छातीवरची कमी भरते. नेहमीच्या बेताने शर्ट शिवला तर मागचा घेर वर उचलला जातो, कॉलर मानेपासून सुटते, शोल्डरची शिवण खांद्याच्या मागे पडते. शिवण पुढे सरकवली, पाठ जरा लांब धरली की नीट बसतो. गिऱ्हाईकाला तोंडावर 'खांदे पुढे आलेत' म्हटलं तर राग येतो, म्हणून गपगुमान करून देतो.
पोरांच्या आया मोबाईलला शिव्या घालतात. पण मोबाईल नव्हता तेव्हाही माझ्या वडिलांचे खांदे असेच होते, आता माझेही तसेच. शरीरात नेमकं होतं काय? हाड वाकतं का?

फिजिओ_भुसावळ
दादा, तुमची टेप आमच्या तपासणीपेक्षा कमी नाही! बहुतेकांचं हाड वाकलेलं नसतं. खांद्याचं पातं पाठीच्या फासळ्यांवर नुसतं टेकलेलं असतं. धडाशी जोडणारा हाडाचा सांधा म्हणाल तर गळ्याजवळच्या आडव्या हाडाशी तेवढा एक, बाकी सगळा कारभार स्नायूंच्या ओढीवर. छातीत खोल एक छोटा स्नायू आहे, पेक्टोरॅलिस मायनर. तो तिसऱ्या ते पाचव्या फासळीपासून निघून पात्याच्या पुढच्या चोचीसारख्या टोकाला जातो. हात सतत पुढे ठेवून काम केलं की तो आखूड होतो आणि पातं पुढे झुकवतो. मागे दोन पात्यांमधले स्नायू ताणलेले आणि कमजोर राहतात. जिममध्ये नुसतं बेंच प्रेस मारणाऱ्या पोरांचंही हेच.
दुसरं कारण पाठीचा कणा. वरच्या पाठीला साधारण 20 ते 40 अंशांचा बाक असतोच. तो वाढला की पाती फासळ्यांवरून आपोआप पुढे घसरतात, मग नुसते खांदे मागे खेचून काही होत नाही. वाढीच्या वयात काहींचे मणके पुढून पाचरीसारखे चपटे होतात, त्याला शॉयरमन म्हणतात. अशा पोराला 'ताठ बस' म्हणून ओरडणं फुकट.

केळीबाग_रावेर
आमच्याकडे घड वाहणाऱ्या माणसांचा एक खांदा खालीच दिसतो, भो. तेही यातलंच का?

फिजिओ_भुसावळ
थोडाफार फरक सगळ्यांतच असतो. ज्या हाताने जास्त काम, तो खांदा जरा खाली, हे सर्रास दिसतं. आणि एक सांगतो, खांदा पुढे आला म्हणजे दुखणारच असं नाही. न दुखणारे कितीतरी जण तसेच फिरतात. हात वर करताना कळ येते का, मुंग्या येतात का, ते विचारा.

शिंपीदादा_चोपडा
म्हणजे माझं दुखणं मशीनचंच. काळ्या ब्लाउजवर काळा दोरा, त्यात चष्म्याचा नंबर वाढलेला, नाक सुईला लागायचं बाकी असतं. मशीन उंच करा म्हणाल, पण पायाच्या मशीनला ते जमत नाही, पायटा पण वर जातो.

फिजिओ_भुसावळ
मग आधी नंबर तपासा आणि सुईजवळ दिवा लावा. मोटर बसवली तर पेडल खाली जमिनीवर राहतं, मग टेबलाखाली लाकडी ठोकळे टाकता येतील. घरी सपाट पलंगावर उताणं झोपून बायकोला बघायला सांगा, खांद्याचा मागचा भाग गादीपासून किती वर राहतो. हलक्या हाताने दाबल्यावर सहज टेकला तर काम सोपं. छातीपाशी ताण येऊन अडला, तर तो स्नायू आखडलाय असं धरून व्यायाम सुरू करू.

अमळनेरची_लेक
माझ्या आईचं वय 68. ब्लाउज दरवेळी पुढून लांब पडतो आणि मागून आखूड. उंचीही कमी झाल्यासारखी वाटते. हेही स्नायूंचंच का?

शिंपीदादा_चोपडा
ताई, माझ्याकडेही अशा आज्या येतात. मी पुढची उंची कमी करून देतो.

फिजिओ_भुसावळ
ब्लाउज तसा शिवून घ्या, पण इथे नुसत्या व्यायामावर राहू नका. या वयात हाडं ठिसूळ होऊन मणके चेपतात, कधीकधी काहीही न दुखता. उंची घटलेली दिसते म्हणजे आधी हाडांच्या डॉक्टरांकडून पाठीचा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. तोवर त्यांना खाली वाकून हंडा-कळशी उचलू देऊ नका.