मदत हवी आहे: अ‍ॅलर्जीची गोळी बंद केली की आईला अंगभर खाज

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. तिला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. अंथरूण झटकलं किंवा माळ्यावरचं काही काढलं की शिंकांवर शिंका, नाकाला धार, डोळे लाल. बरीच वर्षं रोज रात्री लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम घेते, त्यावर तिचं निभतं.

आता नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी स्किन प्रिक टेस्ट (हाताच्या त्वचेला हलकं टोचून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात) सांगितली आहे. त्याआधी साधारण आठवडाभर ही गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर अ‍ॅलर्जी असूनही हातावर गांधी उठत नाहीत. म्हणून बंद केली, तर दुसऱ्याच दिवसापासून तळहात, तळपाय आणि डोकं इतकं खाजायला लागलं की बिचारी रात्रभर बसून होती. अंगावर पुरळ नाही, पित्ताच्या गांधी नाहीत, शिंकाही फारशा वाढल्या नाहीत. डॉक्टरांना फोन करून गोळी परत सुरू केली आणि खाज थांबली.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये नेमका हाच इशारा दिलाय. सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन दीर्घकाळ रोज घेऊन थांबवलं, तर क्वचित कुणाला काही दिवसांत तीव्र खाज सुटते, मग आधी खाजेचा त्रास नसला तरीही. घरचे म्हणतायत, "बघ, गोळीशिवाय तिचं चालतच नाही." मला ते पटत नाही. ही खाज अ‍ॅलर्जीची नसून गोळी सुटल्याची असू शकते, आणि तसं असेल तर तिला जन्मभर गोळीला बांधून ठेवायचं कशाला?

कुणी ही गोळी हळूहळू कमी करत सोडली आहे का? अर्धी करून, की एक दिवसाआड? किती आठवडे लागले? फेक्सोफेनाडिन या अ‍ॅलर्जीच्या दुसऱ्या गोळीवर जाऊन फायदा झाला का? (टेस्टआधी तीही बंद करावी लागणार, हे माहीत आहे.) रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) तपासणी गोळी चालू ठेवूनही होते. ती करून कुणाचं काम भागलं का? आणि नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेवर शिंका आटोक्यात राहतात का?

मेडिकलमधली सर्दीची गोळी कृपया सुचवू नका. त्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं. तेही लेव्होसेट्रिझिनसारखं अ‍ॅन्टिहिस्टामिनच, वर गुंगी आणणारं, आणि आईला काचबिंदू आहे, त्यात ते धोक्याचं ठरू शकतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, डोस त्यांना विचारूनच बदलू. पण ज्यांनी स्वतः किंवा घरात हे काढलंय, त्यांनी जरूर लिहा. विशेषतः खाज किती दिवसांनी पूर्ण गेली, ते.