एकसुरी की एकजिनसी? बीच हाउसच्या पहिल्या अल्बमसाठी शब्द हवे आहेत

विचारणा

बीच हाउस या अमेरिकी जोडीच्या पहिल्या अल्बमवर मराठीत लिहायला घेतलंय आणि शब्दांपाशी अडले आहे. बाल्टिमोरची ही जोडी. व्हिक्टोरिया लग्रांड गाते आणि ऑर्गन वाजवते, अ‍ॅलेक्स स्कॅली गिटार आणि कीबोर्ड सांभाळतो. अल्बमचं नावही 'बीच हाउस'च. ऑक्टोबर २००६ मध्ये कारपार्क रेकॉर्ड्सने तो काढला. नऊ गाणी, सगळी संथ.

ऐकणाऱ्यांमध्ये याबद्दल सरळ दोन तट आहेत. गंमत अशी की दोन्हीकडचे लोक वर्णन जवळजवळ एकच करतात. "एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते कळलंच नाही" हे वाक्य मी मनापासून केलेली स्तुती म्हणून ऐकलंय आणि वैतागून केलेली तक्रार म्हणूनही. मला दोन्ही मतं लेखात आणायची आहेत. पण 'एकसुरी' लिहिलं की तिथेच निकाल लागतो आणि 'एकजिनसी' लिहिलं की पारडं दुसरीकडे झुकतं. बाजू न घेणारा शब्द आहे का? शिवाय 'ड्रीमी' या शब्दाचं काय करायचं, तेही सांगा.

प्रतिसाद

बाजू न घेणारा शब्द शोधण्याआधी हे दोन शब्द नीट पाहू. ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच, असं मला वाटतं.

'एकजिनसी' जिन्नसवरून आला. पाककृतीत "मिश्रण एकजिनसी होईपर्यंत ढवळा" असं म्हणतात, म्हणजे घातलेले पदार्थ आता वेगळे ओळखू येत नाहीत. 'एकसुरी' मात्र वेळेशी बांधलेला आहे. भाषण एकसुरी होतं, दिनक्रम एकसुरी होतो. कुठेतरी बदल व्हायला हवा होता आणि झाला नाही, ही तक्रार त्या शब्दात असते. म्हणजे पहिला शब्द एका क्षणी काय काय मिसळलंय ते सांगतो आणि दुसरा क्षणामागून क्षण गेले तरी काय बदललं नाही ते.

आता अल्बमकडे या. 'मास्टर ऑफ नन' या गाण्याचं कुठलंही अर्धं मिनिट घ्या. ऑर्गन, गिटार आणि गळा एकमेकांत असे मिसळलेत की कान वेगळे करायला जात नाही. हे एकजिनसी आहे आणि नावडणाऱ्यानेही ते मान्य करावं. नऊ गाणी सलग ऐकून कंटाळा आला तर तो एकसुरीपणाचा. एकच अल्बम दोन्ही असू शकतो. तुमचे दोन तट दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, असं लेखात स्पष्ट म्हणता येईल.

प्रतिसाद

फोड पटली, पण 'एकसुरी'ला माझा आक्षेप आहे. या गाण्यांत सूर बदलतात, कॉर्ड्स तर फार विचारपूर्वक बदलतात. 'ऑबर्न अँड आयव्हरी' लक्ष देऊन ऐका. बदलत नाही ती लय, आणि वाद्यांचा नाद. मग दोष सुराच्या माथी का मारायचा? "एकाच लयीत चालणारा" म्हणा. तीन शब्द झाले तरी चालतील, खरे तर आहेत.

याच ओघात आणखी एक. संथ गाण्याला 'विलंबित' म्हणायची टूम निघाली आहे, ती कृपया या लेखात नको. विलंबित ख्यालात दोन मात्रांमध्ये गायकाला भरपूर मोकळी जागा मिळते आणि ती तो आयत्या वेळी भरतो. इथे तसं काही घडत नाही, गाणं नुसतं सावकाश चालतं. 'संथ' हा चांगला शब्द आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही.

'ठेका' मात्र बिनधास्त वापरा. यातला ताल यंत्रातून येतो, जुन्या घरगुती ऑर्गनमध्ये तयार भरलेले असायचे तसा. सुरू केला की शेवटपर्यंत तसाच. ठेका म्हणजे तेच, ठरलेल्या बोलांचं आवर्तन. 'ताल' म्हटलं की वाजवणाऱ्याच्या करामतीची अपेक्षा तयार होते.

प्रतिसाद

'रटाळ' आणि 'रेंगाळणारं' हेही गोंधळवू नका. रटाळ गाणं चालू असतानाच नकोसं होतं. रेंगाळणारं संपल्यावरही मागे उरतं.

प्रतिसाद

'ड्रीमी'बद्दल. मराठीत तीन शब्द समोर येतात आणि तिन्ही वेगळे आहेत.

'स्वप्नाळू' हा माणसाचा स्वभाव. स्वप्नाळू मुलगा, स्वप्नाळू डोळे. गाण्याला लावला तर गाणारी व्यक्ती व्यवहारात कच्ची आहे असा वास येतो. 'स्वप्नवत' हा तुमच्यासाठी तर धोक्याचा. खेळाच्या बातम्यांनी 'स्वप्नवत पदार्पण' इतकं वापरलंय की पहिल्या अल्बमबद्दल ते लिहिलंत तर वाचक समजेल, तुफान खपला, बक्षिसं मिळाली. तसं काही झालेलं नाही. समीक्षकांनी कौतुक केलं, पण जोडीचं नाव दूरवर गेलं ते २०१० च्या 'टीन ड्रीम' या अल्बमनंतर. राहिला 'स्वप्निल'. मुलांचं नाव म्हणून इतका रुळलाय की विशेषण म्हणून थोडा अवघडतो, तरी 'स्वप्निल सूर' कानाला बरा लागतो. मी तोच घेईन.

संगीतप्रकाराचं नाव मात्र 'ड्रीम पॉप'च ठेवा. ते कुणा पत्रकाराने बाहेरून चिकटवलेलं लेबल नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी ए. आर. केन या ब्रिटिश जोडीतल्या अ‍ॅलेक्स आयुलीने आपल्याच संगीतासाठी तो शब्द काढला आणि समीक्षकांनी नंतर उचलला. त्यांचा पहिला अल्बम '६९' रफ ट्रेड या कंपनीने १९८८ मध्ये काढला. म्हणजे नावाची सुरुवातही एका जोडीपासूनच झाली. लेखात ही ओळ यायला हवी.

आणि 'जोडी' योग्यच. 'दुक्कल' नको, तिला चोरांची संगत लागली आहे.

प्रतिसाद

मला हा अल्बम खूप आवडतो, म्हणून ध्वनीबद्दल बोलते. कुणी त्याला 'गढूळ' म्हणतं, कुणी 'धूसर'. गढूळ म्हणजे मुळात नितळ असायला हवं होतं आणि बिघडलं. धूसरमध्ये बिघाड नाही, अंतर आहे. स्कॅलीच्या घराच्या तळघरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर हे ध्वनिमुद्रण झालं. साधनंच तेवढी होती. पुढे 'टीन ड्रीम'साठी ते न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या चर्चच्या स्टुडिओत गेले आणि आवाज एकदम उघडा झाला. बरेच श्रोते तिथून मागे येऊन पहिला अल्बम ऐकतात आणि त्यांना तो गढूळ वाटतो. जे २००६ पासून पुढे आले त्यांना तो धूसर. कोण कुठल्या दिशेने आलं यावर शब्द ठरतो, असं माझं निरीक्षण आहे. दोघांनाही चूक म्हणता येणार नाही, पण मला विचाराल तर धूसर.

एक जण मला 'कोंदट' म्हणाला होता. टीका म्हणून म्हणाला, पण तो शब्द फार अचूक आहे. बंद खोलीची हवा या गाण्यांत खरंच आहे.

प्रतिसाद

लग्रांडच्या आवाजाबद्दल कुणी बोललं नाही. त्याला 'घोगरा' लिहू नका. घोगरा आवाज बसलेला असतो. हिचा खालच्या पट्टीतला आहे, भरदार आहे. जर्मन गायिका निकोशी तुलना नेहमी होते ती या खोलीमुळे. बाईचा आवाज खाली उतरला की लगेच 'पुरुषी' म्हणायची सवयही सोडावी. गंगूबाई हनगलांना ऐकलेल्या लोकांनी तरी.

मूळ विचारणेकडून

सगळ्यांचे आभार. 'एकजिनसी' ध्वनीसाठी ठेवते. तक्रार करणाऱ्यांचं मत 'एकाच लयीत' असं मांडते, आणि त्यांच्यातल्या कुणी स्वतः 'एकसुरी' म्हटलं असेल तिथे त्यांच्या तोंडी तोच शब्द राहील, तो मी बदलणार नाही. 'कोंदट' तर घेणारच.

आता एकच अडलंय. द वीकएंड या कॅनडाच्या गायकाने २०११ मध्ये 'मास्टर ऑफ नन'चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला आणि अनेकांना हा अल्बम तिथून सापडला. या 'सॅम्पल'ला काय म्हणायचं? 'नमुना' अर्थातच नाही. 'उसना तुकडा' कसा वाटतो?

प्रतिसाद

उसनं परत करायचं असतं. 'सॅम्पल'च लिहा, ऐकणारे तेच म्हणतात.